काजूचा हंगाम आणि रानकोंबडीची अंडी

फेब्रुवारी लागला की गोव्यातल्या सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या पट्ट्यात दोन कामं एकाच जागी सुरू होतात. माणसं काजूच्या भाटात, म्हणजे बागेत, उतरतात, झाडाखालचं रान कापतात, पाला ओढून ढीग करतात आणि पेटवतात. त्याच भाटाच्या वरच्या अंगाला, जिथे काजू संपून जंगल लागतं, तिथे एखाद्या झुडपाच्या बुडाशी रानकोंबडी खळगा करून अंडी घालते. दोघांचा हंगाम एकच, फेब्रुवारी ते मे. जागाही जवळपास एकच. फरक इतकाच की माणसाचं काम लांबूनही दिसतं, आणि कोंबडी तीन पावलांवर असली तरी दिसत नाही.

या पक्ष्याबद्दल गोव्यात बोललं जातं पुष्कळ, पण गैरसमजही तितकेच आहेत. सगळ्यात मोठा गैरसमज असा की रानकोंबडा म्हणजे गावठी कोंबडाच, फक्त रानात राहिलेला. तसं नाही. गावठी कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. तो हिमालयाच्या पायथ्याशी, ईशान्येला आणि मध्य भारतात साधारण गोदावरीपर्यंत सापडतो. गोव्याच्या जंगलात तो नाही. इथे आहे तो राखी रानकोंबडा, कोंकणीतला रानकोंबो, आणि ही जातच वेगळी. जगात तो फक्त भारतात सापडतो, तोही मुख्यतः दक्षिण आणि पश्चिम भागात. तेव्हा मोले किंवा खोतीगावच्या रानात तांबडा, सोनेरी मानेचा कोंबडा दिसला तर तो कुणाच्या तरी घरातून निसटलेला आहे असं खुशाल समजावं.

त्याचं शास्त्रीय नाव गॅलस सोनेराटी. प्येर सोनेरा हा फ्रेंच निसर्ग अभ्यासक अठराव्या शतकात भारतात फिरून गेला आणि त्याने या कोंबड्याचं वर्णन केलं. पुढे १८१३ मध्ये डच शास्त्रज्ञ टेमिंक याने जातीला त्याचं नाव दिलं. घरच्या कोंबड्या याच पक्ष्यापासून आल्या असं सोनेराचं मत होतं. डार्विनने १८६८ मध्ये ते खोडून काढलं आणि सगळं श्रेय लाल रानकोंबड्याला दिलं. यात सोनेरा अगदीच चुकला नव्हता, पण ते पुढे येईल.

नर चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत ७० ते ८० सेंटीमीटर भरतो, त्यात बराच भाग शेपटीचाच. वजन पाऊण किलो ते सव्वा किलोच्या आत. अंगावर राखाडी रंगाच्या बारीक रेघा, कोयत्यासारखी वाकलेली काळी चकचकीत शेपटी, लाल तुरा आणि तांबूस पाय. तुऱ्याचे दाते गावठी कोंबड्याइतके खोल नसतात. मादी निम्म्या लांबीची. पाठ तपकिरी, छातीवरचं प्रत्येक पीस पांढरं आणि त्याला गडद कड, त्यामुळे लांबून छातीवर खवले असल्यासारखे वाटतात. पाय पिवळे. तुरा जवळजवळ नसतोच. हे खवले एकदा नजरेत बसले की चकोत्रीशी घोटाळा होत नाही. चकोत्रीही याच रानात असते, पण ती लहान, विटकरी रंगाची आणि डोळ्याभोवती लाल कातडी असलेली.

नराच्या मानेवरची पिसं मात्र नीट थांबून पाहण्यासारखी आहेत. कुठल्याही पिसाला मधे दांडी असते आणि दोन्ही बाजूंना तंतू असतात, हे आपल्याला माहीत आहे. या कोंबड्याच्या मानेवरच्या लांब काळपट पिसांत टोकाकडे दांडीच चपटी होते आणि तिचा छोटा, कडक, पिवळसर पापुद्रा तयार होतो. तिथे तंतू नसतात. मेणबत्तीचा थेंब पिसावर पडून गोठावा तसा तो दिसतो, आणि बोटाला नखासारखा लागतो. अशी शेकडो पिसं मानेवर एकावर एक बसली की पूर्ण मान ठिपक्यांनी भरते. सावलीत तो काळा कोंबडा वाटतो, आणि उन्हाच्या कवडशात आला की मान चमकते.

याच थेंबाने त्याचा घात केला. पाश्चात्त्य देशांत सॅमन मासा पकडायला गळावर पिसांची खोटी माशी बांधतात. त्या माशीच्या बाजूला या कोंबड्याचं एक पीस लावलं की ते लहान माशाच्या डोळ्यासारखं दिसतं. त्यासाठी पिसांसकट मानेची आख्खी कातडी भारतातून बाहेर जायची. आता ती निर्यात बंद आहे. साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात हा पक्षी आहे, आणि परदेशातले गळवाले पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार हा गुन्हा आहे. अनेकांना माहीत नसतं ते हे की कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दात अंडी उचलणं आणि घरटं मोडणंही येतं. ‘आम्ही मारला नाही, फक्त अंडी आणली’ ही सबब चालत नाही.

तो दिसण्याआधी ऐकू येतो, आणि बहुतेक वेळा फक्त ऐकूच येतो. गावठी कोंबड्याची बांग लांबत जाते, शेवटचा सूर ओढून धरते. रानकोंबड्याची बांग तुटक असते, ‘कुक् कायाक् क्युक् क्युक्’ अशी, शेवट झटकन तोडलेला. लाल रानकोंबडा बांग देण्याआधी पंख फडफडवतो, हा तसं करत नाही. उजाडायच्या वेळी रात्रीच्या झाडावरूनच पहिली बांग देतो, मग खाली उतरतो. रात्र जमिनीवर काढत नाही. संध्याकाळी पुन्हा उंच फांदीवर चढण्याआधी थोडी हाकाहाक होते. एका डोंगरावरून एकाने बांग दिली की समोरून दुसऱ्याने द्यायची, असं चालतं, त्यामुळे आवाज मोजले तर त्या रानात साधारण किती नर आहेत याचा अंदाज येतो. ऐकायला बोंडला, तांबडी सुर्ल, मोले, नेत्रावळी, खोतीगाव यांपैकी कुठेही डिसेंबर ते मे या काळात उजाडताना उभं राहावं. बघायचा असेल तर रानातून जाणारा मातीचा रस्ता धरावा, वळणाच्या आधी थांबावं आणि कडेला नजर ठेवावी. आत घुसून शोधलं तर तो पळतो. उडत नाही, आधी पळतो. मान खाली, शेपूट खाली, आणि झुडपात गडप. अगदी गाठलाच तर मोठ्या फडफडाटाने उठतो, थोडं अंतर कापून पुन्हा जमिनीवर.

पावसाळ्यात हाच पक्षी ओळखू येत नाही. विणीचा काळ संपला की नराची मानेवरची ठिपकेदार पिसं गळतात आणि जागी आखूड, मळकी काळी पिसं येतात. शेपटीची लांब पिसं जातात, तुरा आक्रसतो, आवाज जवळजवळ बंद होतो. जून ते सप्टेंबर असा कोंबडा दिसला तर तो आजारी किंवा कुठला तरी संकर वाटू शकतो. तो फक्त कात टाकतो आहे. पिसं उगवायला शरीराला भरपूर प्रथिनं लागतात, आणि त्या दिवसांत ना त्याला बांग द्यायची असते ना भांडायचं असतं. मग सोंगाचा खर्च कशाला? पाऊस ओसरला की पोशाख पुन्हा चढतो.

हा पक्षी जमिनीवर जगतो म्हणजे नेमकं काय करतो? तो पाचोळ्यावर जगतो. त्याची पद्धत परसातल्या कोंबडीसारखीच: एका पायाने मागे ओढायचं, मग दुसऱ्याने, एक पाऊल मागे सरायचं आणि उघडं पडलेलं चटकन टिपायचं. गवताचं बी, पडलेली उंबरं, घाणेरीची फळं, वाळवी, अळ्या, नाकतोडे, क्वचित लहानसा सरडा. बांबूचं बेट फुलून बी पडलं की आसपासच्या रानकोंबड्या तिथे गोळा होतात. कारवीचं बी पडतं त्या वर्षीही तसंच. माग काढायचा असेल तर पाचोळ्यात पंख्याच्या आकाराची खरवडलेली जागा शोधावी, पानं एका बाजूला उडालेली आणि माती जेमतेम ओरखडलेली. रानडुकराने उकरलं तर माती नांगरल्यासारखी उलटते. मोरही खरवडतो, पण त्याचं पाऊल बरंच मोठं, तर रानकोंबड्याचं परसातल्या कोंबडीएवढं. रस्त्याच्या कडेला जांभ्याच्या भुकटीत बशीसारखे उथळ खळगे दिसले तर ती त्यांची धुळीची आंघोळ, पिसवा आणि गोचीड झाडायची.

आता सोनेराकडे परत. बाजारात पिवळ्या पायांची, पिवळ्या कातडीची कोंबडी मिळते ना? तो पिवळा रंग खाद्यातून येतो. मक्यात आणि हिरव्या पाल्यात कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं असतात. लाल रानकोंबड्याच्या कातडीत एक एन्झाइम ती फोडून टाकतं, म्हणून त्याची कातडी पांढरट राहते. पिवळ्या कोंबड्यांत त्या एन्झाइमचा जनुक कातडीपुरता जवळजवळ झोपलेला असतो, म्हणून रंग साठतो. २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की हा झोपलेला जनुक लाल रानकोंबड्यातून आलेला नसून बहुधा राखी रानकोंबड्यातून आलेला आहे. म्हणजे कधी काळी कुठे तरी माणसाच्या कोंबड्यांत या दक्षिणी रानकोंबड्याचं रक्त मिसळलं. मुख्य पूर्वज लालच, तोही बहुधा आग्नेय आशियातला. पण जगभरच्या पिवळ्या कोंबडीत आपल्या सह्याद्रीतल्या पक्ष्याचा तुकडा आहे, आणि डार्विनचं ‘फक्त लाल’ हे पूर्ण बरोबर ठरलं नाही.

अशी सरमिसळ आजही होऊ शकते. रानाच्या कडेला सोडलेल्या गावठी कोंबड्यांशी राखी नराचा संकर होतो, पण त्या पिल्लांची पुढची वीण कमी फळते. संकरापेक्षा मोठी चिंता रोगाची. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा कोंबडीवर्गातल्या पक्ष्यांना होणारा रोग आहे, आणि गावठी कोंबड्यांतून तो रानात जाऊ शकतो. रानाला लागून घर असेल तर कोंबड्यांना लस द्यावी, मेलेली कोंबडी ओहोळात किंवा रानात न फेकता खोल पुरावी. यात तुमच्याच कोंबड्यांचाही फायदा आहे.

आता घरट्याकडे वळू. घरटं म्हणजे खरं तर काही नसतंच: झुडपाच्या किंवा बांबूच्या बेटाच्या बुडाशी, कधी पडलेल्या ओंडक्याच्या आडोशाला एक उथळ खळगा, त्यात थोडी वाळली पानं. अंडी साधारण ४ ते ७, फिक्या मलईच्या रंगाची, गावठी अंड्याहून लहान. मादी रोज किंवा दिवसाआड एक अंडं घालते, पण उबवायला बसते ती शेवटचं घातल्यावर. त्यामुळे सगळी पिल्लं जवळजवळ एकाच दिवशी बाहेर येतात. उबवण २० ते २१ दिवसांची, आणि ती एकटी मादीच करते. हिशेब मांडा: अंडी घालायला आठवडा-दहा दिवस, वर तीन आठवडे. म्हणजे त्या खळग्याला सलग एक महिना कुणी हात, पाय, कोयता किंवा काडी लावता कामा नये. मुंगूस, घोरपड, उदमांजर, नाग हे धोके आहेतच, पण त्यांच्यासोबत हा पक्षी आधीपासून जगत आला आहे. कोयता आणि काडी नंतर आली.

काजूवाल्यांची अडचणही खरी आहे. बी जमिनीवर पडतं, पाचोळ्यात हरवतं, आणि बोंडू, म्हणजे काजूचं फळ, वेळेत उचलला नाही तर त्याचा रस, निरो, तोही जातो. म्हणून झाडाखाली झाडझूड लागतेच. पण ती कधी आणि किती, यात बराच फरक पडतो.

साफसफाई जानेवारी संपायच्या आत उरकावी. तेव्हा बहुतेक माद्या अजून बसलेल्या नसतात, आणि साफ झालेल्या जागी त्या येतही नाहीत. मार्चमध्ये दुसऱ्यांदा कापणी काढली की घरटी कोयत्याखाली सापडतात. झाडाच्या घेराखालीच झाडावं, दोन झाडांमधलं सगळं रान चकचकीत करण्याची गरज नसते. ओढलेला पाला पेटवू नये, उताराच्या आडव्या ओळीत रचावा किंवा बुंध्यापासून थोडा दूर पसरावा. काजूला हे आच्छादन मानवतं, माती ओली राहते, पहिल्या पावसात वाहून जात नाही. आणि जिथे भाट जंगलाला टेकतं तिथे दोन-तीन मीटर रुंदीचा झुडपांचा पट्टा जूनपर्यंत हात न लावता सोडावा. त्या पट्ट्यात तुमचं एखादं झाड असेल तर तेवढं बी कमी मिळेल, हे खरं.

पेटवण्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. आपल्याकडचा वणवा बहुतेक वेळा जमिनीवरचा असतो: पाला जळतो, झाडं उभी राहतात, पावसानंतर सगळं हिरवं होतं आणि लोक म्हणतात, काही झालं नाही. झालेलं असतं ते गुडघ्याच्या खाली. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्याच्या जंगलांत ठिकठिकाणी आगी लागल्या, हवाई दलाची आणि नौदलाची हेलिकॉप्टर पाणी टाकत होती. तो मार्च होता, म्हणजे बरोबर अंड्यांचा महिना. मादी उडून वाचते, अंडी वाचत नाहीत. हंगामाच्या सुरुवातीला घरटं गेलं तर ती दुसऱ्यांदा घालू शकते. एप्रिलअखेर गेलं तर बहुधा ते वर्ष गेलं. शिवाय जळलेल्या जागी पाचोळा नाही, म्हणून किडे नाहीत, म्हणून पिल्लांना खायला नाही. एका काडीने वाट दोन बाजूंनी बंद होते.

बोंडू वेचताना घरटं दिसलंच तर काय करायचं? मादी पायातून उठली तर लगेच मागे फिरा. मोजायला वाकू नका. उन्हात उघडी राहिलेली अंडी तापून मरतात, आणि उबवणीच्या सुरुवातीच्या दिवसांत दोनदा-तीनदा उठवली तर मादी घरटं सोडते. शेवटच्या आठवड्यात ती घट्ट बसते, म्हणजे धाडस वाढतं, धोका मात्र तेवढाच. खूण हवी असेल तर घरट्याशी काठी रोवू नका, दहा पावलांवरच्या झाडाला दोरी बांधा आणि कामगारांना सांगा की त्या दोरीच्या पलीकडे महिनाभर जायचं नाही. घरट्यापर्यंत पायवाट पाडू नका, पायवाट मुंगसालाही कळते. कुत्रा भाटात मोकळा सोडू नका. रानडुकरांसाठी कुणी लावलेले तारेचे फासे दिसले तर वनखात्याला कळवा, कारण फासा डुक्कर आणि कोंबडी असा भेद करत नाही.

‘अंडी आणून घरच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली’ असं कौतुकाने सांगणारे भेटतात. कायद्याचं सोडलं तरी त्यात निष्पन्न काही होत नाही. पिल्लं फुटतात, पण रानकोंबडीचं पिल्लू घरच्या कोंबडीच्या हाकेला नीट दाद देत नाही, माणूस दिसला की भिंतीला धडका घेतं, दाणे खायला शिकण्याआधी त्याला किडे हवे असतात, आणि अनेकदा ती दगावतात. जगलंच एखादं तर पिसं फुटताच रानाकडे निघतं, जिथलं त्याला काही शिकवलेलं नसतं.

रानात मात्र सगळं जुळून येतं. पिल्लू अंड्यातून येतं तेच अंगावर लव आणि पायात बळ घेऊन. एका दिवसात सगळी टोळी आईमागे निघते, घरटं तिथेच सुटतं. पहिले काही आठवडे पोटात मुख्यतः किडेच. आई पाचोळा खरवडते, चोचीने दाखवते, वाळवीचं वारूळ फोडते. मेच्या अखेरीस पहिली सर पडली की पंख फुटलेली वाळवी जमिनीतून ढगासारखी उठते, आणि उशिरा जन्मलेल्या पिल्लांना आयती मेजवानी मिळते. धोका दिसला की आई एक बारीक सूर काढते आणि पिल्लं जिथे असतील तिथे पानासारखी गोठतात. मोरघार वरून गेली तरी हलत नाहीत. हाका मारून पुन्हा गोळा करायला आईला बराच वेळ लागतो, आणि तोवर ती समोर येत नाही.

म्हणून भाटातल्या वाटेवर एकटं, गुपचूप बसलेलं तपकिरी पट्ट्यांचं पिल्लू सापडलं तर ते अनाथ आहे असं समजू नका. आई वीस पावलांवर झुडपात तुमच्या जाण्याची वाट पाहत असते. टोपलीत घालून घरी आणू नका, पाणीही पाजू नका. वाटेच्या मधोमध असेल आणि तुडवलं जाण्याची भीती असेल तर हातभर बाजूला पाचोळ्यात सरकवा आणि तिथून निघून जा.